पावसाळ्यात खुराड्याला वास, कोंबड्यांना शिंका: आधी ओल कुठून येते ते शोधा

आर्द्राच्या सरी स्थिरावल्या की दहा-बारा कोंबड्या पाळणाऱ्या घरांत तीच तक्रार सुरू होते. खुराड्याचं दार उघडलं की नाकात झोंबतं, खालचं तूस चिकट झालेलं असतं, दोन-तीन कोंबड्यांच्या डोळ्यांना पाणी येतं आणि अंडी मळकी निघतात. मग कोणीतरी खुराडं ताडपत्रीने चारी बाजूंनी गुंडाळतं आणि आठवड्याभरात हाल दुप्पट होतात. औषधाने चार दिवस बरं वाटतं, पण पुढच्या झडीला परत तेच. याचं कारण दोष कोंबडीत नसतो, घरात असतो. घर तसंच ठेवून औषध बदलत राहिलात तर दरवर्षी याच दिवसांत इथेच याल.

पण आधी एक गोष्ट तपासा. हिरवट पातळ हगवण, मान वाकडी होणं, पंख लुळे पडणं आणि दोन-तीन दिवसांत एकामागून एक मर, असं दिसत असेल तर ती मानमोडी, म्हणजे राणीखेत असण्याची शक्यता मोठी. विष्ठेत रक्त दिसत असेल तर रक्ती हगवण. अशा वेळी खुराड्याची दुरुस्ती मागे ठेवा, आजारी कोंबडी वेगळी करा आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. मानमोडी चांगल्या खुराड्याने टळत नाही, लसीनेच टळते. रक्ती हगवणीचा मात्र ओल्या गादीशी, म्हणजे खाली अंथरलेल्या तुसाच्या थराशी, थेट संबंध आहे: तिचे जंतू विष्ठेतून पडतात आणि ऊब व ओल मिळाली की एक-दोन दिवसांत दुसऱ्या पिल्लाला लागण करण्याइतके तयार होतात.

ओल येते किती?

पाऊस आत येत नाही, तरी ओल कशी, हा प्रश्न हमखास विचारला जातो. हिशोब करून बघा. अंड्यावरची कोंबडी दिवसाला साधारण पाव लिटर पाणी पिते. ती दिवसाला १०० ते १५० ग्रॅम विष्ठा टाकते आणि त्यात सुमारे तीन चतुर्थांश पाणी असतं. दहा कोंबड्यांची विष्ठा धरली सव्वा किलो, तर त्यातलं पाणी झालं जवळजवळ एक लिटर. संध्याकाळी साडेसहाला त्या आत जातात आणि सकाळी तेवढ्याच वाजता बाहेर येतात. म्हणजे छपरातून थेंबही न गळता दर रात्री त्यांच्या बसायच्या दांडीखाली अर्धा लिटरच्या आसपास पाणी पडतं. श्वासातून निघणारी वाफ वेगळी. एप्रिलमध्ये हे पाणी दुपारपर्यंत उडून जातं. जुलैत हवाच ओली असते, त्यामुळे ते तिथेच मुरतं.

विष्ठेवरचा पांढरा भाग म्हणजे यूरिक आम्ल. ते कोरडं राहिलं तर निरुपद्रवी असतं. ओलं झालं की जिवाणू ते फोडतात आणि अमोनिया सुटतो. माणसाच्या नाकाला हा वास स्पष्ट जाणवतो तोवर कोंबडीच्या श्वासनळीतल्या बारीक केसांना इजा व्हायला लागलेली असते. ते केस धूळ आणि जंतू बाहेर ढकलतात. तेच निकामी झाले की साधी सर्दीही हटत नाही.

चार तपासण्या, एकाच सकाळी

पहाटे दार उघडण्याआधी करा, कारण दार उघडलं की निम्मा पुरावा वाऱ्यावर जातो.

पहिली तपासणी नाकाची. उभं राहून वास घेऊ नका. तुमचं नाक पाच फुटांवर असतं, कोंबडीचं दीड फुटावर. दार जरासं किलकिलं करून उकिडवे बसा आणि दांडीच्या उंचीवर तोंड नेऊन दोन-तीन श्वास घ्या. डोळे चुरचुरले तर हवा अडते आहे. नुसता कुबट वास आला तर ओल आहे, पण हवा बरी खेळते आहे.

दुसरी मुठीची. दांडीखालचं, पाण्याच्या भांड्याजवळचं आणि भिंतीकडेचं तूस वेगवेगळं मुठीत घेऊन दाबा. मूठ उघडल्यावर ते आपोआप विस्कटलं पण हाताला जरा गार लागलं, तर ठीक. लाडू तसाच राहिला तर ते तूस बदलायला झालंय. बोटांमधून धूळ उडाली तर फार कोरडं आहे. पावसाळ्यात असं क्वचितच होतं.

तिसरी तपासणी लोक करत नाहीत आणि तिथेच फसतात. तिची तयारी आदल्या दिवशी करा. दोन फूट बाय दोन फूट प्लॅस्टिकचा जाड तुकडा घ्या. एका कोपऱ्यातलं तूस बाजूला करून तो जमिनीला चिकटवून पसरा आणि वर पुन्हा तूस लोटा. तपासणीच्या सकाळी उचलून दोन्ही अंगं बघा. खालच्या अंगाला थेंब असतील तर पाणी जमिनीतून चढतंय. वरच्या अंगाला असतील तर ते विष्ठेचं, पाण्याच्या भांड्याचं किंवा छपराचं आहे. जमिनीतून ओल येत असताना वर कितीही तूस टाकलं तरी ते वातीसारखं पाणी ओढत राहतं.

चौथी, ओलीचा आकार बघा. भिंतीलगत लांब पट्टा ओला असेल तर झड आत येते. भांड्याभोवती गोल असेल तर भांडं सांडतंय. दांडीखालीच असेल तर विष्ठा साचते आहे. गादीवर विखुरलेले ठिपके असतील आणि रात्री पाऊस नसेल, तर पत्र्याच्या आतल्या बाजूला वाफेचं पाणी होऊन गळतंय. सकाळी पत्र्याला आतून तळहात लावा, लगेच कळेल.

ओल कुठली, त्याप्रमाणे दुरुस्ती

झडीचा पट्टा. आपल्याकडे नैऋत्य मोसमी वारा पश्चिमेकडून आणि नैऋत्येकडून पाऊस आणतो. त्यामुळे पश्चिमेची भिंत तळापासून छपरापर्यंत बंद हवी. विटांची, चिऱ्याची, फळ्यांची किंवा कुडाची, कशीही चालेल. दक्षिणेची वळचण निदान ३ फूट पुढे आली पाहिजे. फूटभर वळचण म्हणजे नसल्यातच जमा. वळचण वाढवणं शक्य नसेल तर पत्र्याच्या कडेला तिरपा दुसरा पत्रा किंवा झावळांचा झाप जोडा. पागोळ्या जिथे पडतात तिथे वीतभर रुंद चर खणून त्याला उतार द्या. चर नसेल तर पागोळ्यांचे शिंतोडे उडून भिंतीचा खालचा फूटभर भाग कायम भिजतो आणि लाकूड तिथूनच कुजतं.

ताडपत्रीबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिच्यामुळे होतं. बहुतेक जण ताडपत्री छपराला खिळे मारून वरून खाली सोडतात. त्यामुळे वरची फट बंद होते आणि खालून मात्र वारा शिरतो. व्हायला हवं नेमकं उलट. गरम, ओली, अमोनियाने भरलेली हवा वर जाते, तिला बाहेर पडायला वरच वाट हवी. ताडपत्रीची खालची कड खालच्या भिंतीला पक्की ठोका. वरच्या कडेला बांबू शिवा, त्याला दोन टोकांना दोऱ्या बांधा आणि पडदा खालून वर ओढा. तो कितीही ओढला तरी छपराखाली एक वीत जागा मोकळी राहिलीच पाहिजे. वळचण पुरेशी असेल तर त्या विताएवढ्या फटीतून पाऊस येत नाही. मोठ्या पोल्ट्रीत पडदे असेच असतात. गोणपाटाचे पडदे पावसाळ्यात अजिबात नकोत. ते भिजतात, वाळत नाहीत आणि बुरशी धरतात.

जमिनीतून चढणारी ओल. याला एकच इलाज, जोतं वाढवणं. बाहेरच्या जमिनीपेक्षा आतली जमीन निदान १ फूट वर हवी, कोकणात दीड-दोन फूट. गवंडीकाम नको असेल तर आतली माती ६ इंच उकरून काढा, तिथे खडी किंवा विटांचे तुकडे ठोकून भरा, त्यावर जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरा आणि वर २ इंच मुरूम चोपून बसवा. कागदाच्या कडा भिंतीवर चार बोटं चढवा.

पाण्याचं भांडं. भांड्याची कड कोंबडीच्या पाठीच्या उंचीला यायला हवी. जमिनीवर ठेवलेल्या भांड्यात त्या माती उडवतात, पाय घालतात, कलंडवतात. दोन विटांवर ठेवा आणि खाली जाळी बसवलेलं जुनं घमेलं ठेवा, म्हणजे सांडलेलं पाणी घमेल्यात जाईल. कोंबड्या दिवसभर मोकळ्या असतील तर भांडं बाहेर वळचणीखालीच ठेवा. रात्री अंधारात कोंबडी पाणी पीत नाही.

दांडीखालचा ढीग. दांडीखाली एक फळी किंवा पत्र्याचा तुकडा आडवा बसवा आणि रोज सकाळी फावडीने खरवडून उकिरड्यावर टाका. काम दोन मिनिटांचं, पण रात्रभराची ओल रोजच्या रोज बाहेर जाते. एकच दुरुस्ती करायची असेल तर ही करा. बाकीच्या गादीला रोज सकाळी दाताळ्याने उलथापालथ करा. सुरुवातीला २ ते ३ इंच जाडीची गादी अंथरून ती हळूहळू ५-६ इंचांपर्यंत वाढवा. भाताचं तूस उत्तम, शेंगांची टरफलं आणि सुताराकडची खरबरीत छिलकी चालतात. गवत आणि पेंढा ओला झाला की थर धरतो आणि खालून कुजतो. करवतीचा बारीक भुसा पिल्लं दाणा समजून खातात.

चुना टाकण्याबद्दल: दर १० चौरस फुटांना १०० ग्रॅम विझवलेल्या चुन्याची भुकटी तुसात मिसळली तर ओल शोषली जाते. पण चुना मिसळताच साठलेला अमोनिया एकदम उसळतो. म्हणून कोंबड्या सकाळी बाहेर सोडल्यावर चुना टाका, दाताळ्याने हलवा आणि संध्याकाळपर्यंत सगळं उघडं ठेवा. लाडू होण्याइतकं ओलं तूस असेल तर चुन्यावर पैसे घालवू नका. ते काढून कंपोस्टमध्ये टाका. ताजं असताना थेट झाडाच्या बुंध्याला घातलं तर मुळं जळतात.

वाफेचे थेंब. रात्री पत्रा गार पडतो आणि कोंबड्यांच्या श्वासाची वाफ त्याला लागून पाणी होते. पत्र्याखाली चार बोटं अंतर सोडून बांबूची चटई किंवा झावळांचा थर बांधा. कौलांना हा त्रास फारसा नाही, कारण सांध्यांतून हवा निघून जाते.

घरच चुकलेलं असेल तर

वरच्यापैकी तीन दोष एकाच खुराड्यात सापडले तर ठिगळं लावू नका, नवं उभारा. तयार विकत मिळणाऱ्या खुराड्यांवर "२० पक्ष्यांसाठी" असं सांगितलेलं असतं त्यावर विसंबू नका, टेप घेऊन मोजा. दिवसभर मोकळ्या फिरणाऱ्या कोंबडीला रात्रीपुरती आत १ ते दीड चौरस फूट जागा पुरते. पण कोकणात किंवा घाटमाथ्यावर सलग आठ दिवस पाऊस लागला की ती बाहेर निघतच नाही. म्हणून निदान २ चौरस फूट धरा. जागा कमी पडली की त्या एकमेकींची पिसं उपटतात आणि शेपटीपाशी टोचून रक्त काढतात.

दहा कोंबड्यांसाठी चांगलं बसणारं माप असं. लांबी ६ फूट पूर्व-पश्चिम, रुंदी ४ फूट. छप्पर उत्तरेला ६ फूट उंच, दक्षिणेला ५ फूट, म्हणजे उतार पावसाच्या बाजूला आणि कमी उंचीवरची वळचणही त्याच बाजूला. पश्चिम भिंत बंद. उत्तर आणि दक्षिणेला खाली सव्वा फूट भिंत, वर जाळी. पूर्वेला वरचा अर्धा भाग जाळीचा, म्हणजे सकाळचं ऊन आत येतं. दार उत्तरेला, माणूस वाकून आत जाऊ शकेल एवढं. आत जाताच येत नसेल तर ते खुराडं कधीच नीट साफ होत नाही.

दांडी बंद भिंतीच्या बाजूला, म्हणजे कोंबड्यांना रात्री वारा थेट लागत नाही. एका कोंबडीला ९ इंच धरून साडेसात फूट दांडी लागते. ४ फुटांच्या दोन दांड्या घाला: पहिली भिंतीपासून १ फुटावर, दुसरी तिच्यापुढे सव्वा फुटावर. दोन्ही सारख्याच उंचीवर ठेवा, नाहीतर वरच्या दांडीसाठी रोज संध्याकाळी मारामारी. जाडी दीड ते दोन इंच, कडा घासून गोल केलेल्या. गावठी कोंबडीला २ ते ३ फूट उंची आवडते, पण गिरिराज, वनराजसारख्या जड पक्ष्यांना दीड फूट पुष्कळ. त्यांनी उंचावरून उडी मारली की तळपायाला इजा होते आणि मग गाठ धरते. दांड्या खाचेत नुसत्या ठेवा, खिळे मारू नका. काढून उन्हात टाकता आल्या पाहिजेत, का ते पुढे येतं.

अंड्यांचे खण पूर्वेच्या टोकाला, दांडीपेक्षा खाली आणि अंधाऱ्या जागी. चार कोंबड्यांना एक, म्हणजे तीन खण. प्रत्येक १२ इंच लांब, रुंद आणि उंच. खण दांडीपेक्षा उंच असले तर कोंबड्या रात्री त्यातच झोपतात आणि अंडी घाण होतात.

हा नमुना देशावर आणि मराठवाड्यात गादीसह उत्तम चालतो. कोकणात, जिथे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, तिथे आम्ही उंचावरचं खुराडं सुचवतो. चिऱ्याच्या किंवा सिमेंटच्या खांबांवर अडीच-तीन फूट उंच, तळाला बांबूच्या किंवा पोफळीच्या पट्ट्या, दोन पट्ट्यांत पाऊण इंच फट. विष्ठा खाली पडते, वरचा तळ कोरडा राहतो. दोन अडचणी लक्षात ठेवा. पिल्लांचे पाय फटीत अडकतात, त्यामुळे त्यांना दोन महिने वेगळी जागा हवी. आणि खाली पडलेला ढीग जाळीने घेरून आठवड्याला उचलला नाही, तर दिवसा कोंबड्या तिथेच जाऊन उकरतात आणि सगळा फायदा गेला. विदर्भात प्रश्न उलटा: पारा ४५ अंशांवर जातो आणि कोंबडीला घामच येत नाही, चोच उघडी टाकून धापा टाकणं हाच तिचा मुख्य उपाय. तिथे छप्पर आणखी फूटभर उंच घ्या, पत्र्याला वरून चुन्याचा पांढरा हात द्या किंवा त्यावर तुराट्या पसरा. ओलं गोणपाट तिथल्या कोरड्या हवेत मे महिन्यात खरोखर गारवा देतं.

ओल गेली, तरी कोंबड्या अस्वस्थ

वास गेला, गादी कोरडी, तरी कोंबड्या संध्याकाळी आत जायला तयार नाहीत आणि तुरा फिका पडलाय, तर दांडी तपासा. रात्री नऊनंतर पांढरं फडकं दांडीच्या खालच्या अंगावरून आणि टोकाच्या खाचेतून फिरवा. फडक्यावर तांबडे डाग किंवा टाचणीच्या टोकाएवढे सरकणारे ठिपके दिसले तर ते रक्त पिणारे किडे आहेत. दिवसा ते कोंबडीवर नसतात, फटीत लपतात, म्हणून कोंबडी तपासून काहीच सापडत नाही. दांड्या काढून उकळतं पाणी ओता, दिवसभर कडक उन्हात ठेवा, खाचांमधून टेंभा फिरवा किंवा त्या चुन्याने लिंपा. उष्ण हवेत त्यांची पुढची पिढी आठ-दहा दिवसांत तयार होते, त्यामुळे तेवढ्या अंतराने हेच दोनदा करा. फवारणीचं औषध पशुवैद्यकाने सांगितलेलंच वापरा, अंडी खायची असतात.

रात्री कोंबडी नाहीशी होत असेल तर जाळी बघा. षटकोनी कोंबडीजाळी कोंबडीला आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. तो ती दातांनी फाडतो. खालच्या तीन फुटांना अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी लावा. जाळीलगत मान किंवा डोकं नसलेली कोंबडी सापडली तर कोणीतरी मोठ्या भोकातून ओढलं आहे. मुंगूस आणि घूस उकरून येतात. त्यांच्यासाठी जाळी भिंतीलगत खाली नेऊन बाहेरच्या बाजूला दीड फूट आडवी वळवा आणि वर चार-सहा इंच माती टाका. उकरणारा प्राणी भिंतीच्या पायाशीच खणायला लागतो आणि जाळीवर अडतो, मागे सरून खणायचं त्याला सुचत नाही. दाराखालची फट बोटभरापेक्षा जास्त नको, आणि कडीला कोयंड्यात खिट्टी हवी, नुसती फिरणारी लाकडी पट्टी नको. मुंगूस, घोरपड, साप यांना मारणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे, आणि एक मारला तरी भोक उघडंच राहतं.

नव्या खुराड्यात कोंबड्या पहिल्या दिवशी आपण होऊन शिरणार नाहीत. दाणा-पाणी देऊन तीन-चार दिवस आतच ठेवा. पाचव्या दिवशी संध्याकाळी तासभर आधी सोडा आणि अंधार पडताना मोजून घ्या. एखादी जुन्या जागी किंवा फणसावर जाऊन बसली तर अंधारात हळूच उचलून दांडीवर ठेवा. दोन-तीन रात्रींत तिची वाट तिला कळते.